बादलीतले टाके

"मग अठ्ठ्याण्णव कमी पडले का, सर?"

डॉ. हुद्दार चष्मा काढून पुसत बसले.

तन्मय इंगवले समोर उभा होता. सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर. हातात यंत्रातून निघालेला कागद, त्यावर हिरव्या अक्षरांत 'अठ्ठ्याण्णव गुण, उत्तम'.

खोली मेडिकल कॉलेजच्या सरावकक्षाची. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटाच्या आत टाके कसे घालायचे, ते इथं एका पेटीवर शिकतात. पेटीला दोन भोकं. त्यांतून लांब दांड्यांचे चिमटे आत घालायचे, पडद्याकडे बघायचं आणि आतला रबरी तुकडा शिवायचा. शिवून झाला की यंत्र गुण देतं. उद्घाटनाला मंत्री आले होते. त्यांनी फीत जरा वाकडीच कापली. पण त्या दिवशी यंत्र चालू केलेलं नव्हतं.

हुद्दारांना निवृत्तीनंतर इथं एक खुर्ची आणि सहीचा अधिकार दिला होता. त्यांनी सही नाकारली तर विभागप्रमुखांची चाले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी हुद्दारांची सही असलेला कागद वेगळा, असं पोरं आपसांत म्हणत. तन्मयला तो वेगळा कागद हवा होता.

आणि तो आजच हवा होता. उद्या सकाळी सुगंधा वाघमोडे या बाईंचं ऑपरेशन होतं. पित्ताच्या नळीत खडा. नळी उघडून तो काढायचा आणि पेन्सिलीएवढी ती नळी आतल्या आत परत शिवायची. सही मिळाली तर ते टाके तन्मय घालणार होता. नाही मिळाली तर गेली दोन वर्षं धरला तसा कॅमेरा धरून उभा राहणार होता.

"किती वेळा शिवलंस?" हुद्दारांनी विचारलं.

"चाळीस वेळा. चाळीसही पास."

"एकही फाटला नाही?"

"एकही नाही. रेकॉर्ड बघा ना."

हुद्दार उठले. टेबलाखालची कचऱ्याची बादली त्यांनी पायानं पुढं ओढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर पालथी केली.

रबराचे तुकडे घरंगळले. कुठं दोरा अर्धवट लोंबतोय, कुठं सुईनं चिरत नेलेलं, कुठं गाठ ओढताना काठच निघून आलेला.

"हे कुणाचे?"

"ते... ते मोजत नाहीत, सर."

"कुणाचे, ते विचारलं."

"माझेच. हा आठवडा माझ्या एकट्याचाच होता. पण ते पुरे झालेले प्रयत्न नाहीत. रबर फाटतंय असं दिसलं, की शेवटची गाठ मारायच्या आत रीसेट दाबायचं. मग सेव्हच होत नाही. सगळेच दाबतात, सर."

"म्हणजे चोख शिकवलंय की यंत्रानं."

तन्मय हसला. हुद्दार हसत नाहीत, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"यातला एक घे," हुद्दार म्हणाले. "हा घे. काठ निघालेला. लाव आत."

"फाटलेला?"

"पुढं शिव."

तन्मयनं तो पेटीत लावला. चिमटे हातात घेतले. पडद्यावर ती फाट वीतभर दिसत होती. सुई कुठून घालावी कळेना. जिथं घालायची ती जागाच उरलेली नव्हती. त्यानं जरा लांबून टाका घेतला, गाठ ओढली. रबर आणखी बोटभर चिरलं.

त्याचा हात आपसूक कपाटाकडे गेला. नवे तुकडे तिथं होते.

"कुठं निघालास?"

"दुसरा घेतो. हा गेलाय."

"बाईंनाही तसंच सांगणार का? हे पोट गेलंय, दुसरं घ्या?"

तन्मयनं चिमटे टेबलावर जरा आपटूनच ठेवले.

"सर, तुमच्या वेळी तर ही पेटीसुद्धा नव्हती. तुम्ही कशावर शिकलात?"

"माणसांवर."

"मग त्यांचं फाटलं नाही?"

बाहेर व्हरांड्यातून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. ते जिना ओलांडून पार लांब जाईपर्यंत हुद्दार ऐकत राहिले.

"दोघांची नावं आठवतात," ते म्हणाले. "बाकीच्यांची विचारलीच नव्हती."

तन्मयनं कागदाची घडी घातली. विभागप्रमुख खालच्याच मजल्यावर बसत. दोन मिनिटांचं काम. तो दारापर्यंत गेला.

हुद्दारांनी अडवलं नाही. ते बादलीत काही राहिलंय का, ते वाकून बघत होते.

तन्मय दारात उभा राहिला. डोळ्यांसमोर ती फाट होती, आणि आता ती रबराची दिसत नव्हती.

तो परत आला. खुर्ची ओढून बसला आणि टेबलावरचे तुकडे एकेक करून बाजूला ठेवू लागला. मनात मोजत होता, पण ओठ हलत होते.

"एकाहत्तर," तो शेवटी म्हणाला. "आणि हा पेटीतला. बहात्तर."

हुद्दारांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढं धरलं.

कागदावर छापलेलं होतं : प्रयत्न चाळीस, यशस्वी चाळीस. तन्मयनं त्याखाली हातानं लिहिलं : फाटलेले बहात्तर. फाटल्यावर सांधता आलेले... इथं पेन थांबलं. मग त्यानं शून्य काढलं. शून्य गोल आलं नाही.

हुद्दारांनी कागद आपल्याकडे वळवला. एकदा वाचला. तारीख घातली, खाली पूर्ण नावानिशी सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

तन्मय सहीकडे बघत राहिला. आठवडाभर याच सहीसाठी त्यानं जेवणं टाळली होती.

"सर, हा कागद दाखवला तर उद्या मला कुणी हात लावू देणार नाही."

हुद्दारांनी पेन परत खिशात ठेवलं.

"मला कुणी कागद न मागताच लावू दिला होता."