बांधापलीकडची भुरी

द्राक्षबागांच्या एका गावी एकदा एक तरुण कृषिपदवीधर शिकायला येऊन राहिली. रेवती तिचे नाव. पुस्तकी विद्या तिच्यापाशी होती; वेलीची नाडी कळावी म्हणून तिने पंचाहत्तरीच्या भिकाजीनानांना गुरू मानले होते.

मणी वाटाण्याएवढे झाले आणि आभाळ चार दिवस कोंदून राहिले. एका सकाळी नानांच्या बागेत रेवतीला घडांवर पिठासारखी पांढरी पूड दिसली. भुरी! ही बुरशी मण्यांवर बसली की मणी तडकतात, वर्षाचे कष्ट मातीत जातात. या हंगामात एका नव्या औषधाने ती दोनदा नाहीशी केली होती. रेवतीने तीच बाटली काढली, पंपात पाणी भरले. तोच नानांनी बाटली तिच्या हातातून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावले.

“नाना, रोग डोळ्यांसमोर आहे, औषध हाताशी आहे, आणि मारायचं नाही?”

“दोनदा मारलं. या हंगामापुरतं झालं. आता गंधक मार, पाला विरळ कर. घडाला वारा लागू दे.”

तिने ऐकले, पण मन धुमसत राहिले. दुसऱ्या दिवशी तर नानांनी कहर केला. स्वतःच्या बागेचे काम अर्धे टाकून ते कात्री घेऊन शेजारच्या निवृत्तीच्या बागेत शिरले आणि त्याचा पाला काढू लागले. हाच निवृत्ती चारचौघांत त्यांना ‘गंधकबुवा’ म्हणून हसत असे. त्याने तेच नवे औषध सहा वेळा मारले होते, तरी त्याचे घड पांढरेफटक पडले होते.

“नाना, मला बनावट औषध दिलं हो,” निवृत्तीने रिकामी बाटली पुढे केली.

“औषध अस्सल आहे, बाबा. बुरशी पहिली राहिली नाही. लाखांत एखादीला ते बाधत नव्हतं. तू पुन्हा पुन्हा तेच मारलंस. बाकीच्या मेल्या, तिला रान मोकळं झालं. आता जिकडेतिकडे तिचीच पिलावळ. नवं औषध बुरशीची एकच नस दाबतं. गंधक चहूकडून घाव घालतं, ते चुकवणं अवघड.”

रेवतीने हळूच विचारले, “पण आपली बाग सोडून इथं का?”

“भुरी वाऱ्यावर उडते, पोरी, आणि वारा बांध बघत नाही. इथली निगरगट्ट बुरशी उद्या आपल्याकडे आली, की आपल्या बाटलीत नुसतं पाणी. औषधाचा गुण साऱ्या शिवाराचा असतो. एकानं उधळला की सगळ्यांचा गेला.”

रेवती त्या वाकलेल्या पाठीकडे पाहत राहिली. मग पदर खोचून तीही शेजारच्या ओळीत शिरली. तिघांनी पाच दिवस राबून निवृत्तीचे निम्मे घड वाचवले.

पुढच्या छाटणीनंतर निवृत्ती स्वतःहून ओसरीवर आला. “नाना, यंदा कोणतं औषध, आणि कितीदा?”

नानांनी रेवतीकडे पाहिले.

“मागचं तुमच्या बागेत नकोच,” ती म्हणाली. “बुरशीची वेगळी नस दाबणारं, दुसऱ्या गटातलं घ्या, तेही दोनदाच, भुरी कोवळी असताना. एरवी गंधक. आणि काका, तुमच्या पलीकडच्या बागवाल्यांनाही बोलावून आणा. सगळे मिळूनच ठरवू.”

नानांनी बाजेवर थोडे सरकून येणाऱ्यांसाठी जागा केली.