वालाचा वेल आणि पायातल्या मुंग्या

एक होतं गांडूळ. हात नाही, पाय नाही, पण कामाला वाघ. अंबूमावशीच्या परसात दिवसभर माती उकरायचं. वळवळ वळवळ, सुळुक.

एकदा अंबूमावशी वाल सोलत बसली होती. भिजवलेले, मोड आलेले वाल. त्यातला एक हातातून निसटला. टुण्णकन उडाला आणि मातीत पडला, थेट गांडुळाच्या दारात.

गांडूळ म्हणालं, "या, बसा. जागा आहे."

वाल बसला. बसला, फुगला आणि एके दिवशी वर निघाला. त्याचा झाला वेल. मावशीनं शेजारी काठी रोवली, तर वेल काठीभोवती फिरायला लागला. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो ना? तसा नाही. बरोबर उलटा फिरायचा. त्याची मर्जी. गांडूळ रोज डोकं वर काढून बघायचं आणि खूश व्हायचं.

मग आला धुण्याचा दिवस. दोरीवर खूप कपडे. दोरी लोंबली. मावशीनं काय केलं? वेलाची काठी उपटली आणि दोरीला टेकू दिला. वेल पडला. सर्रर्र... धप्प.

आणि तिकडे टोपलीखाली होती कोंबडी. कोवळा पाला दिसला की संपवलाच म्हणून समजा. ती आतून टोपलीला धक्के देत होती. डुग डुग, डुग डुग.

वेल म्हणाला, "गांडुळा, कोंबडी सुटली तर माझं काही खरं नाही."

गांडूळ म्हणालं, "थांब. तुझी काठी आणतो."

धुण्याचं पाणी सांडून वाट ओली झाली होती, म्हणून बरं. गांडूळ निघालं. वळवळ वळवळ, सुळुक. काठीपाशी आलं.

"काठीबाई, काठीबाई, येता का?
वेल बिचारा लोळतोय."

काठी म्हणाली, "मी कशी येऊ? माझ्या डोक्यावर दोरी, दोरीवर कपडे. कपडे उतरू देत, मग येते."

टोपली हलली. डुग डुग.

गांडूळ निघालं. वळवळ वळवळ, सुळुक. कपड्यांखाली आलं. मावशीचं लुगडं होतं, टॉवेल होता, एक मोजा होता. दुसरा मोजा कुठे गेला ते विचारू नका, मलाही माहीत नाही.

"कपड्यांनो, कपड्यांनो, उतरता का?
काठी सुटेना,
वेल बिचारा लोळतोय."

कपडे म्हणाले, "आम्ही कसे उतरू? आम्ही ओलेचिंब. ऊन येऊ दे, मग उतरतो."

टोपली हलली. डुग डुग.

गांडूळ निघालं. वळवळ वळवळ, सुळुक. ऊन कुठे होतं? शेवग्याच्या झाडामागे अडकलं होतं. गांडुळानं मान वर केली.

"उन्हा, उन्हा, येतंस का?
कपडे उतरेनात,
काठी सुटेना,
वेल बिचारा लोळतोय."

ऊन म्हणालं, "मी कसं येऊ? शेवग्याची फांदी आडवी आलीय. फांदी हलू दे, मग येतं."

टोपली हलली. डुग डुग.

गांडूळ निघालं. वळवळ वळवळ, सुळुक. शेवग्याच्या बुंध्याशी आलं.

"शेवग्या, शेवग्या, फांदी हलवतोस का?
ऊन येईना,
कपडे उतरेनात,
काठी सुटेना,
वेल बिचारा लोळतोय."

शेवगा म्हणाला, "फांदी कशी हलवू? शेंगांनी पार वाकलीय. मावशी उठू दे, शेंगा काढू दे, मग हलवतो."

टोपली हलली. जरा जास्तच हलली. डुग डुग डुग.

गांडूळ निघालं. वळवळ वळवळ, सुळुक. मावशी ओसरीवर मांडी घालून बसली होती. काय करत होती? वालच सोलत होती. सकाळपासून.

"मावशी, मावशी, उठतेस का?
फांदी हलेना,
ऊन येईना,
कपडे उतरेनात,
काठी सुटेना,
वेल बिचारा लोळतोय."

मावशी म्हणाली, "मी कशी उठू रे सोन्या? पायाला मुंग्या आल्यात. मुंग्या जाऊ देत, मग उठते."

आता तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. खूप वेळ बसलं की पाय झोपतो, आत झिणझिण होतं. मग आपण म्हणतो, पायाला मुंग्या आल्या. पण गांडुळाला पाय आहेत का? नाहीत. त्याला कधी मुंग्या आल्यात का? नाहीत. मग त्याला कसं कळणार?

ते निघालं मुंग्यांकडे. वळवळ वळवळ, सुळुक. मुंग्या भिंतीच्या कडेनं चालल्या होत्या. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, मावशीच्या पायातून निघता का?
मावशी उठेना,
फांदी हलेना,
ऊन येईना,
कपडे उतरेनात,
काठी सुटेना,
वेल बिचारा लोळतोय."

मुंग्या थांबल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मावशीच्या पायात? आम्ही तर इथे आहोत. गूळ नेतोय."

"मग त्या कोण?"

"असतील कुणी दुसऱ्या."

गांडुळाचं तोंड एवढंसं झालं. त्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते पटकन कळत नाही, पण एवढंसं झालं खरं. त्याला रडूच आलं.

तेव्हा पुढची मुंगी म्हणाली, "पावसात आमचं दार बुजलं होतं. माती उकरून मोकळं कुणी केलं?"

"मी."

"मग रडतोस काय? चला गं. ठेवा तो गूळ खाली. त्या दुसऱ्या मुंग्यांना हाकलून देऊ."

निघाल्या सगळ्या. तुरुतुरु, तुरुतुरु. मावशीच्या अंगठ्यावर चढल्या, तळव्याखाली गेल्या. गुदगुल्या, गुदगुल्या. त्या दुसऱ्या मुंग्या काही सापडल्या नाहीत. मग एकीनं हळूच चावा घेतला. चुट.

"अगंबाई," म्हणत मावशी उठलीच.

मावशी उठली, शेंगा काढल्या. टप टप टप.
शेंगा काढल्या, फांदी हलली. स्वऽऽप.
फांदी हलली, ऊन आलं. लख्ख.
ऊन आलं, कपडे वाळले. कडकडीत.
कपडे वाळले, मावशीनं उतरवले.
कपडे उतरले, काठी सुटली.
काठी सुटली, मातीत रोवली. ठक.

मावशीनं वेल उचलला. काठीभोवती गुंडाळला. कसा? देवाला प्रदक्षिणा घालतो तसा. हात सोडला. सर्रर्र... धप्प.

पुन्हा उचलला. पुन्हा प्रदक्षिणा. सर्रर्र... धप्प.

मावशी म्हणाली, "हा वेल माझं ऐकतच नाही बाई."

आणि टोपली? डुग डुग डुग डुग. एका बाजूनं उचललीसुद्धा. कोंबडीची चोच बाहेर आली.

मग गांडूळ काठीवर चढलं. वळवळ वळवळ. खाली घसरलं, पुन्हा चढलं. आणि काठीभोवती गोल फिरलं. प्रदक्षिणेच्या बरोबर उलटं. वेल फिरायचा ना, अगदी तसं. रोज बघितलं होतं त्यानं.

मावशी बघत राहिली. मग हसली. "असं होय. चुकलंच माझं. तुमच्याकडे उलटी असते होय प्रदक्षिणा?"

तिनं वेल उलटा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. हात सोडला.

वेल पडला का?

नाही पडला. काठीला घट्ट धरून बसला.

तेवढ्यात टोपली उलटली. कोंबडी आली धावत. वेल वर गेला, गांडूळ मातीत गेलं. सुळुक. कोंबडी बघते इकडे, बघते तिकडे. मग तिनं वालाची सालं खाल्ली. सालं ओसरीखाली ढीगभर पडली होती. कोंबडीही खूश.

वेल वाढला. काठीच्या टोकाला गेला, तिथून शेवग्यावर गेला. पांढरी फुलं आली, मग शेंगा आल्या. मावशीनं पदरात घेतल्या. कपड्यांच्या दोरीला तिनं नवा बांबू आणला. वेलाच्या काठीला पुन्हा कुणी हात लावला नाही.

वेल वरून म्हणाला, "गांडुळा, तुला काय देऊ? शेंग देऊ?"

गांडूळ म्हणालं, "शेंग नको. मला दात कुठे आहेत? तुझं खालचं पिवळं पान दे."

पान पडलं. टप्प. गांडुळाच्या दारात, जिथे वाल पडला होता तिथेच. गांडुळानं ते आत ओढलं. अर्धं खाल्लं, अर्धं अंगावर घेतलं आणि झोपलं.

त्याचं पान त्याच्या अंगावर, तुमचं पांघरूण तुमच्या अंगावर. पाय आत घ्या बरं. मुंग्या आल्या तर मला हाक मारा.