बांगडी भरणारा फोटोग्राफर

"मग माझ्या फोटोंत कमी काय आहे, तेवढं सांगा ना उस्ताद."

निनाद बर्वे दोन दिवसांत तिसऱ्यांदा हेच विचारत होता. पुण्याची नोकरी सोडून दोन वर्षं गावोगाव फिरला, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढले. प्रदर्शनवाल्यांनी ते परत पाठवले. चित्रं सुंदर आहेत, माणसं भेटत नाहीत, असं लिहून.

उस्ताद म्हणजे माझे थोरले भाऊ, दस्तगीरभाई. मी त्यांना भाईजान म्हणतो. तीस वर्षं उरुसा-जत्रांतून फोटो काढत हिंडले. आता गुडघे धरलेत, म्हणून माझ्या दुकानात बसून बांगड्या भरतात. बोलतात कमी. गिऱ्हाईक टिकतं ते त्यामुळेच, असं माझं मत.

"तुम्हीही नाही म्हणालात तर सोमवारी परत नोकरीवर जातो," निनाद म्हणाला. मला वाईट वाटलं.

भाईजाननी फोटोंचा गठ्ठा एकेक करून पाहिला. उजेड झकास. चौकटीत एक रेघ इकडची तिकडे नाही.

"कुठून काढतोस?"

"रस्त्यापलीकडून. लांबची लेन्स आहे. जवळ गेलं की अवघडायला होतं."

"कुणाला?"

"म्हणजे... माणसांना."

भाईजाननी गठ्ठा त्याला परत दिला.

तेवढ्यात वाडीवरच्या सुभद्राबाई आल्या. दुसऱ्या दिवशी पुतणीची हळद होती. हिरव्या बांगड्या हव्या होत्या. शेतात राबून हाताचे सांधे जाड झालेले, बांगडी चढेना. भाईजान त्यांचा हात दाबत राहिले.

"तूर कशी आहे यंदा?"

"बरी आहे की. पण रानडुकरांनी कडेच्या पाच सऱ्या..."

बाई डुकरांना शिव्या घालत राहिल्या. बांगडी आत गेलेली त्यांना कळलंसुद्धा नाही.

निनाद कधीच रस्ता ओलांडून गेला होता. तिकडून त्याने फोटो काढला आणि धावत आला.

"हा बघा. यात सगळं आलंय."

भाईजाननी पाहिला. खरंच देखणा होता. त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला आणि आपली गादी सोडून बाजूला सरकले.

"बस इथे. दुसऱ्या हातात तू भर."

"मी? मला येत नाही."

"बस."

सुभद्राबाईंनी हसून हात पुढे केला. निनादने तो दोन बोटांच्या चिमटीत धरला, चुलीवरचं भांडं उचलावं तसा. खाली मान घालून बांगडी रेटू लागला. बाईंच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

कट्ट.

माझी चांगली फिरोजाबादी बांगडी गेली. फुटली म्हणायचं नाही आमच्या धंद्यात, वाढवली म्हणायचं. निनादच्या अंगठ्यातून रक्त आलं.

"तुम्ही हात फार ताठ धरलाय, मावशी," तो म्हणाला.

"मी नाही रे बाबा," सुभद्राबाई म्हणाल्या. "तूच धरलायस."

निनादने वर पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याने कुणाच्या तरी तोंडाकडे पाहिलं असेल. बाई त्याच्या अंगठ्याकडे बघत होत्या. मोकळ्या हाताने पदराचं टोक त्यांनी त्यावर दाबून धरलं.

बाहेर एक हातगाडी गेली.

"उस्ताद..." निनादचा आवाज जेमतेम ऐकू आला. "मग सोमवारी मी जाऊ का?"

भाईजाननी पेटीतून दुसरी हिरवी बांगडी काढली, उजेडात धरून पाहिली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"बाईंचा हात अजून तुझ्याच हातात आहे."