नाल्याची शंका

केतकापूर शहरात एक मोठं विद्यापीठ होतं आणि त्याच्या भिंतीला लागूनच कुंभारगल्लीचा नाला. नाला दर आठवड्याला तुंबायचा आणि घराघरांत शिरायचा. गल्लीत मडकी विकणाऱ्या यमुनाक्का मदत मागायला गेल्या, तेव्हा कुलगुरू म्हणाले, "बाई, आम्ही ज्ञान निर्माण करतो. गटारं नगरपालिका बघते."

पुढच्याच महिन्यात फाटकावर सूचना लागली. कुलगुरूंच्या विद्यार्थ्याची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, विषय कुंभारगल्लीचा नाला, प्रवेश सर्वांना खुला. यमुनाक्का पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

विद्यार्थ्याने तासभर आलेख दाखवले आणि उतार हातभर वाढवला की नाला तुंबणार नाही, हे सिद्ध केलं. कुलगुरूंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला शंका?"

यमुनाक्का उठल्या. "मला पटलं साहेब, पण नाल्याला शंका आहे. आज सकाळीच माझ्या चुलीपर्यंत येऊन तसं सांगून गेला. त्याच्यावर करून दाखवल्याशिवाय पदवी कशी देणार?"

बाहेरगावचे परीक्षक पोट धरून हसले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सही आता नाल्यावरच करीन."

मग काय, पंधरा दिवस विद्यार्थी, प्राध्यापक आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले कुलगुरू नाल्यात उतरून खणत होते. पाणी खळखळत निघालं. परीक्षकांनी काठावर उभं राहून सही केली आणि विचारलं, "आणखी कुणाला शंका?"

यमुनाक्कांनी रस्त्यावरच्या खांबाकडे बोट दाखवलं. "नाल्याची फिटली. आता त्या बंद दिव्याला आहे."