वाचता न आलेला भाग

एकदा एक वृद्ध बोलीअभ्यासक आणि त्यांची शिष्या एकाच हार्ड डिस्कवर काम करू लागले. सरांच्या संगणकावर विंडोज, तिच्या संगणकावर लिनक्स. म्हणून तिने डिस्कचे दोन भाग पाडले आणि प्रत्येक प्रणालीला आपापला भाग नेमून दिला.

"आता तुमच्याकडचं काही माझ्यात मिसळणार नाही, सर."

"म्हणजे तुझी लिनक्स सोवळ्यात बसली म्हण की," सर हसले.

तिच्या भागात एका वृद्ध मेंढपाळाच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण होते. तिचा सारा प्रबंध त्यावर उभा होता.

सरांनी डिस्क आपल्या संगणकाला जोडली. पडद्यावर प्रश्न उमटला: हा भाग वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल. करायचा? सरांनी शांतपणे 'हो' दाबले.

ती ताडकन उठली. तोवर पडद्यावरची पट्टी सरकत पूर्ण झाली. भाग कोरा झाला.

"सर, माझं सगळं होतं त्यात."

"संगणकाला तिथे काही दिसलं नाही."

"त्याला वाचता येत नव्हतं. म्हणून काय ते रिकामं होतं? मला विचारायचं तरी. मी इथेच बसले होते ना."

सरांनी कपाटातून दुसरी डिस्क काढून तिच्यापुढे ठेवली. "काल ग्रंथालयातल्या लिनक्सवर प्रत करून घेतली. तुझं सगळं आहे. आता सांग, मेंढपाळाच्या मूळ ध्वनिमुद्रणातून तू काय कापून टाकलंस?"

"ते नुसते आवाज होते. जिभेची चकचक, शीळ, घशातली खरखर. भाषा नव्हती ती."

"त्या खरखरीवर अख्खा कळप ओढ्याकाठी थांबतो, मी पाहिलंय. मेंढ्यांना कळतं, तुला कळलं नाही. मेंढपाळही समोरच बसला होता, विचारलंस त्याला? माझ्या संगणकाने पुसण्याआधी निदान विचारलं तरी."

तिने डिस्क उचलली आणि पुन्हा टेबलावर ठेवली. कापलेले तुकडे त्या डिस्कमध्ये नव्हते. मूळ ध्वनिमुद्रण तिने ठेवलेच नव्हते; ते आवाज आता कुठेच नव्हते.

तिने विचारले, "कळप अजून माळावर असेल?"

"चारा संपेपर्यंत. म्हातारा मात्र थकलाय. गेलीस तर काय म्हणशील त्याला? ते आवाज पुन्हा काढा?"

"नाही," ती रेकॉर्डर पिशवीत ठेवत म्हणाली. "आधी विचारीन, तुम्ही मेंढ्यांना काय सांगत होतात?"