हातोडीचा धाक

गाड्यांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. एका टेम्पोच्या पेटीत एक हातोडी राहायची. टेम्पोचा सेल्फ, म्हणजे इंजिनाला जागं करणारी मोटर, रोज सकाळी अडून बसायचा. ड्रायव्हर खाली वाकून त्याला हातोडीने ठोकायचा, तेव्हा कुठे गाडी सुरू व्हायची.

"माझ्या धाकावर चाललाय हा टेम्पो," हातोडी पेटीतल्या पान्यांना ऐकवायची. "सेल्फ मुळातच कामचुकार!"

"हातोडीताई, माझ्या आत काहीतरी झिजलंय हो," सेल्फ कळवळून सांगायचा.

"बहाणे नकोत. मार खा आणि फिर!"

एके दिवशी ठोकून ठोकून हातोडीचा दांडा खिळखिळा झाला, पण सेल्फ ढिम्म. शेवटी यल्लप्पा मिस्त्रीने तो उतरवून खोलला. आतला कार्बन, म्हणजे मोटरला करंट पोचवणारा तुकडा, झिजून नखाएवढा उरला होता.

"याला करंटच पोचत नव्हता," मिस्त्री ड्रायव्हरला म्हणाला. "ठोकलं की कार्बन जेमतेम टेकायचा, एवढंच."

त्याने नवा कार्बन घालून सेल्फ परत बसवला. किल्ली फिरवताच इंजिन धडधडू लागलं.

सगळे पाने हातोडीकडे बघू लागले. ती सैल दांडा सावरत म्हणाली, "बघितलंत? एवढं बडवलं, म्हणून आज सुधारला!"