पेमीचं मागणं

नगर नाही, गाव नाही, राजा नाही की राणी नाही. होतं नुसतं वाळवंट. पिवळंधमक, दुपारी तर डोळे दिपवणारं! जिकडे पाहावं तिकडे वाळूच्या टेकड्या, आणि त्याही एका जागी राहतील तर शपथ. आज इथे, उद्या तिथे. अशा वाळवंटातून पेमीचा तांडा उंट घेऊन फिरायचा. काय माणसं होती ती! वाळूच्या सुरकुत्या पाहून वाट ओळखायची, आणि घोटभर पाणी असलं तरी पाहुण्याला दिल्याशिवाय प्यायची नाहीत.

पण त्या दिवशी घोटभरही उरलं नव्हतं. तीन दिवस चालून तांडा विहिरीपाशी आला आणि पाहतो तो काय, विहीर वाळूनं गच्च बुजलेली! मोठी माणसं वाळू उपसायला लागली. पेमीचा इवलासा भाऊ रावता पाण्यासाठी रडत होता. मग त्याचं रडणंच थांबलं, तेव्हा मात्र पेमी बापूकडे धावली.

"बापू, रावता रडत का नाही?"

"रडायलाही ओल लागते, बाळा," बापू म्हणाला आणि तोंड फिरवून पुन्हा उपसू लागला.

पेमीही चिमुकल्या हातांनी वाळू काढू लागली. इतक्यात तिच्या ओंजळीत एक हिरवा, चमचमता किडा आला. उताणा पडून पाय झाडत होता बिचारा. दुसरं कुणी असतं तर वाळूबरोबर भिरकावून दिलं असतं. पेमीनं त्याला हळूच सरळ केलं आणि ओढणीच्या सावलीत ठेवलं.

"बस हं इथे. ऊन फार आहे."

लख्खकन उजेड पडला! किड्याच्या जागी वीतभर परी उभी. पंख झगमग झगमग, झगा मोरपिशी, ओठ मात्र भेगाळलेले.

"पेमी, एक माग. एकदाच आणि एकाच वाक्यात. नीट ऐक, वाक्यात ज्यांना धरशील त्यांनाच मिळेल. बाकी कुणाला नाही."

पेमी बुचकळ्यात पडली. 'मला पाणी' म्हणावं तर रावता राहतो. 'रावत्याला' म्हणावं तर आई आणि बापू राहतात. 'आम्हांला' हा शब्द अगदी ओठांवर आला होता, तेवढ्यात तिनं परीच्या ओठांकडे पाहिलं.

"परीताई, आपल्या सगळ्यांना पाणी मिळू दे!"

परी चमकली. "आपल्या? म्हणजे मलासुद्धा?"

"मग! तू इथेच उभी आहेस की."

"आजवर सगळे 'आम्हांला' म्हणाले गं," परी म्हणाली आणि तिला हुंदका आला. "शंभर वर्षं मी पाणी देतेय, पण माझ्यासाठी कुणी घोटसुद्धा मागितला नाही."

बुडबुड, बुडबुड! वाळू बाजूला सारत निळंशार पाणी वर आलं. पेमीनं ओंजळ भरली आणि पाहुणी म्हणून परीपुढे धरली.

"आधी रावता," परी म्हणाली.

रावता प्यायला आणि त्यानं असं भोकाड पसरलं की सगळा तांडा आनंदानं हसू लागला. दुसरी ओंजळ परी घटाघटा प्यायली. मग ती सोनेरी होत गेली, आणखी सोनेरी, आणि उजेड होऊन उन्हात मिसळली.

ती विहीर पुढे कधी आटली नाही. आटेल कशी? पेमीच्या 'आपल्या'त कोण कोण, याची मोजदाद कुठे झाली होती? लांबलांबचे अनोळखी तांडे यायचे, कुणाचे उंट, कुणाच्या शेळ्या, आणि भीत भीत विचारायचे, "विहीर कुणाची?"

"आपली," पेमी म्हणायची आणि पोहरा पुढे करायची.